उद्योगांचे बारसे

मराठी घरात बाळाचे नाव आत्या ठेवते. पाळण्यापाशी वाकून ती ते प्रथम बाळाच्या कानात सांगते, मग जमलेल्या मंडळींना कळते. नाव निवडण्याची सूत्रेही ठरलेली असतात : पत्रिकेतील अक्षर, कुलदैवत, पणजोबांचे नाव आणि अलीकडे आईवडिलांची आवड. उद्योगाला मात्र आत्या नसते. त्याचे नाव त्याच्या जन्मदात्यालाच ठेवावे लागते, तेही बहुधा भांडवल अपुरे, जागा भाड्याची आणि गिऱ्हाईक अजून यायचे, अशा अवस्थेत. म्हणून उद्योगाच्या नावात त्याच्या कर्त्याचा स्वभाव आणि त्याचा काळ जसा उमटतो, तसा तो त्याच्या ताळेबंदातही उमटत नाही.

हा विषय लिहिण्यास घेण्याचे कारण घरोघरी होणाऱ्या एका लहानशा वादात आहे. बडोद्यातील जुन्या मराठी कुटुंबांतील नातवंडे आता नोकरीच्या मागे न लागता दोन खोल्यांत चार संगणक मांडून स्वतःची कंपनी काढू लागली आहेत. त्या कंपन्यांची नावे ऐकून वडीलधारी माणसे चक्रावतात. एकीचे नाव फळाचे, दुसरीचे पक्ष्याचे, तिसरीचे दोन अर्धवट शब्दांची गाठ मारून केलेले, तर चौथीचे कोणत्याच कोशात न सापडणारे. आजोबा विचारतात, "हे काय नाव झाले? कंपनी करते काय, ते यातून कळते तरी का?" नातू म्हणतो, "आजोबा, तुमच्या लक्षात राहिले ना? मग झाले." दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. परंतु आजोबांच्या आक्षेपामागे एक समजूत असते, की पूर्वीची माणसे गंभीर होती आणि ती उद्योगांना गंभीर नावे ठेवीत. ही समजूत इतिहासाला धरून नाही. खुद्द बडोद्याचा इतिहास तिच्याविरुद्ध साक्ष देतो.

गेल्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात कारखान्यांना नावे कशी दिली जात ते प्रथम पाहू. सर्वांत रुळलेली रीत आडनावाची. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातील माळरानावर कारखाना आणला, तेव्हा कारखान्याला आणि भोवतीच्या वसाहतीलाही त्यांचेच नाव मिळाले. ओगले बंधूंच्या काच कारखान्यावरून ओगलेवाडी झाली. दुसरी रीत प्रांत आणि माल यांची जोडी लावण्याची. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांच्या कलकत्त्याच्या कारखान्याचे नाव 'बेंगॉल केमिकल अँड फार्मास्युटिकल वर्क्स'. कोठला आणि कशाचा, दोन्ही गोष्टी नावातच आल्या. तिसरी रीत देवदेवतांची. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळके यांनी चित्रपटाकडे वळण्यापूर्वी छापखाना चालविला, त्याचे नाव 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' असे होते. आडनाव हमी देते, प्रांत अभिमान देतो आणि देव आशीर्वाद देतो. तिन्ही रीतींना समाजाची मान्यता होती आणि तिन्हींत धोका कमी होता.

बडोद्यात मात्र एक चौथी रीत जन्मली. तिचे मूळ कलाभवनाच्या वातावरणात शोधावे लागते. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी १८९० मध्ये कलाभवन उभारले. रसायन आणि रंगकाम हे गज्जरांचे विशेष विषय. मुंबईतील राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला १८९६ मध्ये कोणी डांबर फासले आणि तो डाग भल्याभल्यांना निघेना, तेव्हा पुतळा पुन्हा पांढरा करून दाखविणारे रसायनज्ञ ते हेच. परंतु गज्जरांना रसायनाइतकाच शब्दांचाही ध्यास होता. कारागिराला शास्त्र शिकवायचे तर ते त्याच्या भाषेत शिकविले पाहिजे, ही त्यांची श्रद्धा. त्यासाठी महाराजांच्या द्रव्यसाहाय्याने देशी भाषांतील पारिभाषिक शब्दांचा बहुभाषी कोश करण्याचे काम त्यांनी हाती घेतले आणि 'सयाजी ज्ञानमंजूषा' ही शास्त्रीय ग्रंथांची माला सुरू केली. यंत्राला काय म्हणावे, द्रव्याला काय म्हणावे, क्रियेला काय म्हणावे, याची चर्चा जेथे प्रयोगाच्या टेबलाशेजारीच चालत होती, अशी ती जागा होती.

गज्जरांच्या तालमीत तयार झालेल्या दोघा शिष्यांनी, ए. एस. कोटीभास्कर आणि भाईलाल दाजीभाई अमीन यांनी, गुरूंच्या पाठबळाने मुंबईत लहान प्रमाणावर औषधी रसायने करण्यास आरंभ केला. टिंक्चर आणि त्यासाठी लागणारे अल्कोहोल हा पहिला माल. त्यातून १९०७ मध्ये कंपनी उभी राहिली आणि पुढे तिचा कारखाना बडोद्यास वसला. तिचे नाव 'अलेम्बिक केमिकल वर्क्स'.

शंभराहून अधिक वर्षे हा शब्द कानावर पडत असल्यामुळे त्यातील नवल आज आपल्याला जाणवत नाही. अलेम्बिक रोड, अलेम्बिक कॉलनी, अलेम्बिकची शाळा. बडोदेकराला हे गावाचेच नाव वाटते. परंतु १९०७ मध्ये हा शब्द सामान्य गिऱ्हाइकाला किती अपरिचित वाटला असेल याची कल्पना करावी. अलेम्बिक म्हणजे अर्क काढण्याचे जुने पात्र. खाली तापविण्याचे भांडे, वर टोपणासारखे शिर आणि त्यातून खाली झुकत गेलेली नळी. वाफ वर जाते, थंड होते आणि थेंबाथेंबाने दुसऱ्या भांड्यात उतरते. ग्रीक भाषेतील पेल्याचा वाचक शब्द अरबांनी घेतला, त्याला आपले 'अल्' हे उपपद जोडून 'अल्-अंबीक' केले आणि मध्ययुगात तो लॅटिनमार्गे युरोपीय भाषांत शिरला. आपल्याकडेही हे यंत्र अपरिचित नव्हते. रसशास्त्राच्या ग्रंथांत दोन मडकी तिरप्या नळीने जोडलेल्या तिर्यक्पातन यंत्राचे वर्णन आहे, आणि अत्तरवाले वापरतात तो भबकाही याच जातीचा. म्हणजे अर्क काढणाऱ्या कंपनीने ग्रीस, अरबस्तान आणि युरोप असा प्रवास करून आलेले किमयागाराचे भांडेच आपल्या दारावर टांगले. हे नाव आडनावाचे नाही, प्रांताचे नाही, देवाचे तर नाहीच. ज्याला रसायन ठाऊक त्याला ते हसवून जाते आणि ज्याला ठाऊक नाही तो निदान विचारतो. आजच्या नातवंडांची कंपनी नेमके हेच करीत असते.

भागीदारांपैकी एकाचे आडनाव कोटीभास्कर असावे, हाही एक गमतीचा योग. मराठीत कोटी म्हणजे शंभर लाख, आणि कोटी म्हणजे शब्दांवरची कसरतही. या दुसऱ्या कोटीचा आपल्या भाषेतील राजा राम गणेश गडकरी. त्यांचा जन्म १८८५ मध्ये नवसारीचा, म्हणजे बडोदे संस्थानातलाच. शब्दाशी खेळण्याची आवड ही परदेशातून संगणकासोबत आली, असे मानणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

या नावाने कंपनीचे भले केले, असे आम्हांस वाटते. आडनावाची कंपनी घराण्याशी बांधलेली राहते, मालावरून नाव घेतलेली मालाशी. टिंक्चरवरून नाव घेतले असते तर पुढे जीवरोधक औषधे करताना ते अपुरे पडले असते. मुंबईवरून घेतले असते तर बडोद्यात ते विसंगत झाले असते. अर्क काढणे ही मात्र रसायनाची मूळ क्रिया. ती कधीच जुनी होत नाही. नाव जितके प्रतीकात्मक, तितकी त्यात वाढीला जागा. बंगाली आणि पंजाबी औषधविक्रेत्यालाही ते सारखेच परके, म्हणून सारखेच जवळचे होते.

याच अर्कपात्राचे विराट रूप पाहावयाचे असेल तर गोरव्याच्या अलेम्बिक वसाहतीवरून पुढे रिफायनरी रोडने कोयलीस जावे. अंकलेश्वरला १९६० मध्ये तेल लागले आणि तेथल्या पहिल्या विहिरीला 'वसुधारा' हे सुरेख नाव मिळाले. ते तेल शुद्ध करण्यासाठी सोव्हिएत सहकार्याने कोयलीस कारखाना उभारण्याचे ठरले. १० मे १९६३ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पायाभरणी झाली, ऑक्टोबर १९६५ मध्ये वर्षाला दहा लाख टन क्षमतेचा पहिला ऊर्ध्वपातन विभाग सुरू झाला आणि ऑक्टोबर १९६६ मध्ये राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांनी प्रकल्प राष्ट्रास अर्पण केला. दूरवरून दिसणाऱ्या त्या उंच स्तंभात घडते ते कोटीभास्कर आणि अमीन यांच्या पात्रात घडणाऱ्या क्रियेचेच मोठे भावंड. तेल तापते, वाफा चढतात, आणि आपापल्या तापमानाला पेट्रोल, केरोसीन, डिझेल वेगवेगळ्या मजल्यांवर उतरतात.

नावाच्या दृष्टीने मात्र कोयलीची कथा अलेम्बिकच्या उलट आहे. सरकारी कागदांत तिचे नाव 'गुजरात रिफायनरी'. फायलीला ते शोभते. परंतु लोकांनी ते मनावर घेतले नाही. बडोद्यात, आणि बडोद्याबाहेर तेलाच्या व्यवहारातही, तिला कोयलीच म्हणतात. कोयली–अहमदाबाद, कोयली–सांगानेर, कोयली–रतलाम या नळवाहिन्यांनी त्या लहानशा गावाचे नाव राजस्थान-मध्यप्रदेशापर्यंत नेले. कोकिळेची आठवण करून देणारा हा कोवळा शब्द तेलाच्या टाक्यांवर कोणी समितीने बसविला नव्हता. तो तेथे होता आणि टिकला. चमत्कारिक नाव मुद्दाम ठेवले तरी टिकते आणि साधे नाव कोणी न ठेवताही टिकते. उरते ते जिभेला आवडलेले नाव, एवढाच याचा अर्थ.

महाराष्ट्रातील मराठी उद्योजकांनीही हा खेळ मनापासून खेळला आहे. दिगंबर परशुराम दांडेकरांनी १९३१ मध्ये मुंबईत शाईचा उद्योग सुरू केला, तेव्हा पहिली शाई 'घोडा' छापाची होती. मग उंट आला. वाळवंटात पाण्यावाचून चालणारा प्राणी आणि दौतीत न बुडविता चालणारे फाउंटन पेन, ही जोडी आम्हांस तरी मोठी समर्पक वाटते. पुढे उंटाचा 'कॅमल' आणि शाईची 'इंक' यांचा संधी होऊन 'कॅमलिन' झाले. २०११ मध्ये जपानच्या कोकुयो कंपनीने त्यात मोठा हिस्सा घेतला, तरी उंट गेला नाही. केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ मध्ये स्थापिलेल्या 'विको'चे पूर्ण नाव विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी. पित्याचे नाव आद्याक्षरांच्या मागे लपले आणि देशभर पोहोचले. पुण्यात १९९० मध्ये निघालेल्या 'केपीआयटी'त कीर्तने आणि पंडित ही दोन अस्सल मराठी आडनावे आद्याक्षरांच्या रूपाने नांदत आहेत. कैलास आणि संजय काटकर या बंधूंच्या पुण्यातील कंपनीचे नाव पूर्वी 'कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस' होते. संगणकाला लागणाऱ्या विषाणूंवर त्यांनी जे औषध केले त्याचे नाव 'क्विक हील', म्हणजे झटपट गुण. औषध इतके गाजले की २००७ मध्ये कंपनीनेच औषधाचे नाव धारण केले. आमच्या पिढीतील वैद्याने 'रामबाण' म्हटले असते, वृत्ती तीच. आणि आपल्या त्रैमासिकांची पाने ज्या प्रणालींवर जुळविली जाऊ लागली त्यांतील एकीचे नाव 'श्रीलिपी'. आरंभी श्री लिहिण्याचा संस्कार आणि लिपी, दोन्ही त्यात बेमालूम आले.

पुन्हा बडोद्याकडे येऊ. नानूभाई अमीन यांनी १९४३ मध्ये काढलेल्या उद्योगाचे नाव 'ज्योती'; पंप करणाऱ्या कंपनीला एवढे घरगुती नाव. वाघोडियाच्या बाजूस १९८७ पासून असलेल्या एका कंपनीचे नाव तर '२० मायक्रॉन्स'. रंग, कागद, रबर यांत घालावयाची खनिजे ती दळते, आणि वीस मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग. पीठ किती बारीक, तेच पाटीवर लिहिले! जात्यावर दळणाऱ्या बाईने स्वतःला 'वस्त्रगाळ' म्हणवून घ्यावे तसे हे आहे. अतिशीत द्रवांच्या टाक्या करणाऱ्या 'आयनॉक्स इंडिया'चा जन्म १९७६ मध्ये 'बडोदा ऑक्सिजन' या नावाने झाला. पुढे समूहाचे, इंडस्ट्रियल आणि ऑक्सिजन यांच्या आद्याक्षरांतून साधलेले नाव तिला मिळाले. त्याच नावाच्या चित्रपटगृहांत बसून खेळ पाहणाऱ्या किती जणांना आपण प्राणवायूच्या नावाखाली बसलो आहोत हे ठाऊक होते?

चमत्कारिक नावांना केवळ हौस कारणीभूत नाही. कायद्याचाही रेटा आहे. भागीदारी पेढ्यांच्या १९३२ च्या कायद्याने राजा, राणी, साम्राज्य अशा अर्थाचे इंग्रजी शब्द शासनाच्या लेखी संमतीवाचून नावात घालण्यास मनाई केली. १९५० च्या कायद्याने राष्ट्रीय चिन्हे आणि काही थोर नावे व्यापारासाठी वर्ज्य केली. कंपनी कायदा, १९५६ चा असो वा २०१३ चा, आधीच्या कंपनीशी मिळतेजुळते नाव नाकारतो. नुसते अनेकवचन केले किंवा स्पेलिंग बदलले तरी नियम फसत नाहीत. १९९९ चा व्यापारचिन्ह कायदा मालाचे निव्वळ वर्णन करणाऱ्या शब्दावर सहसा मक्ता देत नाही. म्हणजे 'उत्तम संगणक सेवा' हे आजोबांना आवडणारे नाव नोंदवायला जावे तर ते एक तर कोणी घेतलेले असते किंवा कायद्याने दुबळे असते. पूर्णपणे घडविलेला शब्द मात्र भक्कम. अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन यांनी १८८८ मध्ये 'कोडॅक' हा कशाचाच अर्थ नसलेला शब्द कॅमेऱ्यासाठी घडविला तो याच विचाराने. १९९८ मध्ये निघालेल्या 'गुगल'चे नाव एकावर शंभर शून्ये या संख्येच्या 'गूगोल' या संज्ञेवरून आले, आणि ती संज्ञाही एका गणितज्ञाच्या नऊ वर्षांच्या भाच्याने सुचविलेली. नावांच्या बाबतीत मुलांचे ऐकण्याची परंपरा तशी चांगलीच आहे.

येथवर आम्ही नातवाची बाजू घेतली. आता आजोबांच्या मनातील खरी सल सांगितली पाहिजे, कारण ती ते स्वतः नीट सांगत नाहीत. नाव चमत्कारिक आहे हे त्यांचे दुःख नव्हे. त्या नावात आपण कोठेच नाही, हे दुःख आहे. किर्लोस्कर म्हटले की माणूस दिसतो. अलेम्बिक म्हटले की पात्र दिसते, माणसे दिसत नाहीत. अमीन घराण्याने कंपनी पुढे नेली म्हणून त्यांचे नाव शहराच्या स्मरणात राहिले. गज्जरांना कलाभवनाने जिवंत ठेवले. कोटीभास्करांचे काय? बडोद्याच्या पहिल्या आधुनिक उद्योगांपैकी एकाच्या जन्मास कारण झालेला हा माणूस आज शंभरातील किती मराठी कुटुंबांना नावाने ठाऊक आहे? नाव प्रतीकात्मक ठेवण्याची ही किंमत आहे. शब्द उरतो आणि शब्द निवडणारे हात विरून जातात.

स्थळाचेही तसेच. १९७४ मध्ये शहराचे अधिकृत नाव वडोदरा झाले, आपण घरात बडोदेच म्हणत राहिलो. १९०८ मध्ये स्थापन झालेल्या बँकेने आणि १९४९ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठाने जुने नाव जपले, म्हणून ते जगभर ऐकू येते. 'बडोदा ऑक्सिजन' मधील बडोदा मात्र गळाला. नव्या कंपन्यांच्या नावांत तर गाव, गल्ली, घर यांपैकी काहीच नसते. ती वडोदऱ्यातील आहे की व्हँकूव्हरमधील हे नावावरून सांगता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या प्रांताबाहेर राहिलेल्या माणसांना या गोष्टीची टोचणी अधिक लागावी, हे स्वाभाविक आहे. आडनाव आणि बोली एवढीच आपली येथली ओळख उरली आहे.

यावर उपाय नावे बदलण्याचा नाही. मुलांनी खुशाल हवी ती नावे ठेवावीत. अलेम्बिकच्या गावात तो त्यांचा हक्क आहे. मात्र नावासोबत त्याची हकिकत लिहिली जावी. सयाजीरावांच्या राजवटीचा या बाबतीतील धडा मोठा आहे. राज्यकारभारातील शब्दांना आठ भाषांतील प्रतिशब्द देणारा 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा कोश १९३१ मध्ये बडोद्याने छापला. शब्द वापरायचा तर त्याचे मूळ आणि अर्थ कागदावर असला पाहिजे, ही त्यामागची शिस्त. तीच शिस्त लहान प्रमाणावर घरात पाळता येईल. कंपनीची नोंदणी झाली त्या दिवशी अर्ध्या पानाचे मराठी टिपण करावे : नाव कोणी सुचविले, कोणत्या भाषेतून घेतले, कोणती नावे नाकारली गेली, भागीदार कोण, पहिली खोली कोणत्या पोळात अथवा सोसायटीत होती. असे टिपण १९०७ मध्ये कोणी करून ठेवले असते तर कोटीभास्करांविषयी लिहिताना आज एवढ्या थोडक्यात आटपावे लागले नसते.

ही टिपणे आजोबांनी लिहावीत, असे आम्ही सुचवू. नातवाला वेळ नसतो आणि आजोबांना प्रश्न विचारायची हौस असते. "हे काय नाव झाले?" हा प्रश्न तक्रार म्हणून न विचारता माहिती म्हणून विचारावा, उत्तर लिहून घ्यावे, खाली तारीख घालावी आणि कागद जपावा. उद्योगाला आत्या नसली, तरी त्याच्या बारशाला एक साक्षीदार देणे आपल्या हाती आहे.